सोलर झटका मशीन: डुकराच्या नाकापर्यंत पोचतं तेवढंच उपयोगाचं

जळगाव, चोपडा, शिरपूर, शहादा, कुठल्याही कृषी केंद्रात गेलात तर काउंटरवर झटका मशीन मांडलेलं असतं. डब्यात १२ व्होल्टची बॅटरी, वर १० वॅटची सोलर प्लेट, एक लाल तार कुंपणाला, एक काळी तार जमिनीत, म्हणजे अर्थिंगला. दुकानदार सांगतो, दहा एकराला चालतं, डुक्कर जवळ येणार नाही. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या डब्याचं नाही. १ ते २ जूलच्या (जूल म्हणजे एका ठोक्यातली ऊर्जा मोजायचं माप) सगळ्याच मशीनचं आहे, कारण आतली मांडणी बहुतेक सारखीच असते आणि चुकाही त्याच त्याच होतात.

आधी निकाल. रानडुकरासाठी उत्तम, पण अर्थिंग नीट असेल तरच. नीलगायीसाठी, म्हणजे रोहीसाठी, वरच्या तारा वाढवल्या तर बऱ्यापैकी. साळिंदराला अर्धवट, कारण ते तारेखालून उकरून येतं आणि त्याचे काटे वीज जाऊ देत नाहीत. वानरांसाठी शून्य. झाडावरून उडी मारून तारेवर टेकलेल्या वानराचा जमिनीशी संबंधच नसतो, मग वीज वाहणार कुठून? तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही त्याचंही कारण हेच.

मशीन काम कसं करतं ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं. बॅटरीची वीज एका कॅपॅसिटरमध्ये साठते आणि सेकंद-सव्वा सेकंदाला एकदम तारेत सोडली जाते. दाब ६ ते ९ हजार व्होल्ट, पण ठोका टिकतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पुढच्या ठोक्यापर्यंत तार मेलेली असते, तेवढ्यात जनावर मागे हटतं. डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून थेट तारेत सोडलेली लाईट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलत अखंड वाहते. स्नायू आखडतात, तोंडातली तार सुटत नाही आणि हृदयाचा ठोका बिघडतो. बिबट्या असो, डुक्कर असो की पहाटे पाणी भरायला आलेला सालदार, त्या तारेवर सगळे सारखेच मरतात. असा प्रवाह सोडणं वीजचोरीत येतं, २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम १३५ त्यासाठीच आहे. त्यात जंगली जनावर मेलं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीही गुन्हा लागतो. यावल अभयारण्याच्या पायथ्याला, मुक्ताईनगरकडे डोलारखेडा-वडोद्याच्या बाजूला, जिथे वाघ केळीच्या बागांतून फिरतो, तिथे तर एका रात्रीच्या डायरेक्ट लाईटीने सगळ्या खान्देशचं नुकसान होऊ शकतं. झटका मशीनची खरी किंमत इथे आहे. ते जनावराला परतवतं, मारत नाही.

पण परतवतं कशाच्या बळावर? नाकाच्या. रानडुकराचं शरीर विजेच्या विरोधातच घडल्यासारखं आहे. अंगावर राठ केस, खाली चरबीचा थर, मोठ्या नराच्या खांद्यावर ढालीसारखी जाड कातडी, जी माजावरच्या झुंजीत दुसऱ्याच्या सुळ्यापासून वाचवते. पाठीला तार लागली तर त्याला मुंगी चावल्यासारखंही वाटत नाही. उघडं आणि ओलं असतं ते फक्त नाक. डुकराची नजर अधू, सगळा कारभार वासावर आणि नाकाच्या चकतीवर. त्या चकतीत मज्जातंतूंची इतकी दाटी असते की जमिनीखालचा कंद ते स्पर्शाने ओळखतं. नवी वस्तू दिसली की आधी नाक लावून पाहायचं हा त्याचा स्वभाव. म्हणून खालची तार नाकाच्या उंचीवर हवी. जमिनीपासून २५ सेंटीमीटर, दुसरी ४५ वर, तिसरी ७० वर. पहिली तार ४० वर बांधली की डुक्कर नाक खाली घालून आत शिरतं, झटका पाठीला बसतो, आणि अर्धं आत गेलेलं डुक्कर मागे वळत नाही, पुढे धावतं. मग तार तुटलेली, खांब आडवा, आणि शेतकरी म्हणतो मशीन बोगस आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डुक्कर केळीत फक्त खायला येत नाही. घामाच्या ग्रंथी त्याला कामापुरत्याही नसतात, त्यामुळे अंग थंड करायला चिखलात लोळणं हाच त्याचा उपाय. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, नाले कोरडे पडतात, आणि अख्ख्या शिवारात सावली व ओल एकत्र सापडते ती ठिबकवरच्या केळीत. तिथे ते लोळतं, नळ्या चावतं, टिश्यूकल्चरची कोवळी रोपं कंदासकट उपटतं. म्हणजे कुंपणाची सगळ्यात जास्त गरज उन्हाळ्यात, आणि मशीन सगळ्यात जास्त फसतं तेही उन्हाळ्यातच. त्याचं कारण जमीन.

अर्थिंग हा या वस्तूचा निम्मा भाग आहे आणि डब्यासोबत येते ती फूटभर सळई. झटका बसायला वीज तारेतून जनावरात, जनावरातून मातीत, मातीतून अर्थिंगच्या सळईत आणि तिथून परत मशीनमध्ये यायला हवी. आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम वाहक असते. एप्रिलमध्ये तीच माती आकसते, भेगा पडतात, सळईभोवती बोटभर पोकळी होते आणि वर्तुळ तुटतं. तारेवर टेस्टर ८ हजार दाखवतो, शेतकरी निश्चिंत झोपतो, डुक्कर रात्री तारेला नाक लावून शांतपणे आत जातं.

करायचं असं. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेल्या (जीआय) सळया तीन, प्रत्येकी ५ ते ६ फूट, एकमेकींपासून १० फुटांवर, पूर्ण ठोकायच्या आणि एकाच अखंड जीआय तारेने क्लॅम्प लावून जोडायच्या. नुसती गुंडाळलेली तार सहा महिन्यांत गंजते. तांब्याची तार जीआयला थेट जोडू नका, त्या सांध्यावर गंज लवकर चढतो. जागा निवडायची ती विहिरीच्या पाटाजवळची, हौदाच्या गळतीजवळची, किंवा सरळ ठिबकची एक नळी फिरवून प्रत्येक सळईच्या मुळाशी तासाला ४ लिटरचा एक ड्रिपर बसवायचा. केळीला पाणी सुटलं की अर्थिंगलाही मिळतं, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. हा एवढा एक ड्रिपर महागडं मशीन घेण्यापेक्षा जास्त काम करतो. मोटरच्या स्टार्टरची किंवा डीपीची अर्थिंग मात्र वापरायची नाही, त्यापासून किमान १० मीटर लांब राहायचं.

अर्थिंग पुरेशी आहे का, हे तपासता येतं. मशीन बंद करा. मशीनपासून १०० मीटर किंवा जास्त लांब जाऊन दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत ठोका आणि कुंपणाच्या तारेला टेकवून ठेवा. आता मशीन चालू करा. तारेवरचा दाब २ हजार व्होल्टच्या खाली यायला हवा, नाही आला तर आणखी सळया टेकवा. मग मशीनजवळ येऊन अर्थिंगच्या शेवटच्या सळईपासून एक मीटरवर टेस्टरचं टोक जमिनीत खोचा आणि सळई व हे टोक यांच्यातला दाब पाहा. ३०० व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. जास्त असेल तर आणखी एक सळई ठोका, पुन्हा मोजा. यासाठी झटक्याचा वेगळा टेस्टर मिळतो तोच वापरा. घरातलं मल्टिमीटर या तारेला लावलं की जळतं. आणि हात लावून पाहणारे बहुतेक रबरी चपलेवर उभे असतात, त्यांना कळतं ते काहीच खरं नसतं.

सातपुड्याच्या पायथ्याला किंवा चाळीसगावकडे अजिंठ्याच्या रांगेलगत, जिथे दोन फुटांवर मुरूम-कातळ लागतो, तिथे कितीही सळया ठोका, उन्हाळ्यात भागत नाही. तिथे एक तार झटक्याची, एक तार अर्थिंगची, अशा आळीपाळीने बांधाव्यात आणि खालच्या तारांमधलं अंतर १५ ते २० सेंटीमीटरवर आणावं. जनावराच्या नाकाला आणि मानेला दोन्ही तारा एकदम लागल्या की माती मध्ये लागतच नाही.

आता डब्यावरच्या आकड्यांकडे. डब्यावर १० जूल छापलेलं असतं, आत ७ अँपिअर-अवरची बॅटरी. हिशेब करून पाहा. सव्वा सेकंदाला १० जूल म्हणजे ८ वॅट. मशीन स्वतः चौथा हिस्सा खातं असं धरलं तरी बॅटरीतून साडेदहा वॅट गेले. बारा तासांच्या रात्रीला १२५ वॅट-तासांच्या वर लागतील आणि ही बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही देते फक्त ८४. म्हणजे एक तर मशीन १० जूलचं नाही, नाहीतर ते पहाटे तीनला बंद पडतं. दीड जूलचं मशीन याच हिशेबाने रात्रभरात २० वॅट-तासांच्या आसपास खातं. १० वॅटची प्लेट आपल्या उन्हात दिवसाला ३५ ते ४० देते, आणि श्रावणात दोन दिवस ढग राहिले तरी बॅटरी तग धरते. दुकानात उभ्या उभ्या खात्री करायची तर बॅटरीच्या तारेत मल्टिमीटर जोडून अँपिअर मोजा, इथे मल्टिमीटर चालतं. ०.१५ अँपिअर खाणारं मशीन १० जूल देऊच शकत नाही. पाच एकरासाठी दीड-दोन जूल खरे असतील तर पुरतात. कुंपणाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला ४ हजार व्होल्ट मिळाले की झालं, ३ हजारांच्या खाली गेलं की डुकराला फरक पडत नाही.

दुसरी परीक्षा याहून सोपी. घड्याळ लावून एका मिनिटातले ठोके मोजा. ६० पेक्षा जास्त भरले तर ते मशीन घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे. आयएस ३०२-२-७६ या भारतीय मानकात ठोक्यांमध्ये किमान एक सेकंदाचं अंतर आणि ठोक्याची ऊर्जा जास्तीत जास्त ५ जूल अशी मर्यादा आहे, ती मानक बनवणाऱ्यांनी हौसेने घातलेली नाही. त्या एका सेकंदात जीव सुटतो. त्याच कारणाने एका कुंपणाला दोन मशीन जोडायची नाहीत आणि काटेरी तारेत झटका सोडायचा नाही. काट्यात अडकलेल्याला सुटायला तो सेकंद पुरत नाही.

सामानाचा अंदाज. पाच एकराचा चौकोनी तुकडा धरला तर घेर साधारण ५७० मीटर. पाच तारा, तीन डुकरासाठी आणि वर दोन नीलगायीसाठी, म्हणजे २,८५० मीटर. २ मिलिमीटरची जीआय तार घेतली तर वजन सुमारे ७० किलो. खांब ४ मीटरवर एक, म्हणजे १४२, आणि इन्सुलेटर ७१०. हे सगळं धरलं की लक्षात येतं, खर्चाचा मोठा भाग मशीनचा नाही, तारेचा आणि खांबांचा आहे. मग मशीनवर पैसे वाचवून काय मिळतं? दुकानात क्लच वायर स्वस्त आणि हलकी म्हणून देतात. बांधायला ती सोपी आहे खरी, पण बारीक असल्याने लांबवर दाब पडतो. एका हंगामाच्या मक्याला चालेल, केळीच्या कायम कुंपणाला जीआयच घ्या. बांबूलाही इन्सुलेटर लागतोच, ओला बांबू वीज नेतो. ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे इन्सुलेटर म्हणून लावतात, पण ते दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि पावसात त्या तडीतून गळती सुरू होते. गळती शोधायला रात्री मोटार-पंखा काही चालू नसताना कुंपणाकडेने चालत जा. जिथे टकटक ऐकू येईल किंवा निळी ठिणगी दिसेल, तिथे दोष.

नीलगायीचा हिशेब निराळा. आशियातल्या कुरंगांमधला (अँटिलोपमधला) हा सगळ्यात मोठा प्राणी. निळसर फक्त पूर्ण वाढलेला नर असतो, माद्या आणि पिल्लं तपकिरी. तिचं नाक जमिनीवर नसतं, नजर मात्र तीक्ष्ण, आणि खूर कोरडे-कडक, त्यामुळे कोरड्या रानात खुरातून वीज कमीच उतरते. तिच्यासाठी तारा १०० आणि १४० सेंटीमीटरवर हव्यात, आणि त्या तिला दिसायलाही हव्यात. न दिसलेल्या तारेवर पळती नीलगाय छातीने आदळते आणि कुंपण घेऊनच जाते. तारेला चिंध्या बांधाव्यात, पण लाल नकोत. खुरवाल्या जनावरांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यांना लाल वेगळा दिसत नाही. संध्याकाळच्या उजेडात पांढरी किंवा निळी चिंधी लांबून उठून दिसते. बांधावर जुन्या साड्या बांधणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. नीलगाय येते कुठून हे शोधायला तिच्या लेंड्यांचा ढीग पाहा. ती पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकते, आणि त्या ढिगाच्या बाजूला कुंपण पक्कं करायचं. तिची नाल्याची वाट मात्र बंद करू नका. वाट अडवली की ती कुंपण तोडते, शेजारून जायला मिळालं तर तोडत नाही.

कुंपण उभं केल्यावरचा पहिला आठवडा सगळं ठरवतो. डुकरांचा कळप म्हणजे नात्यातल्या माद्या आणि त्यांची पिल्लं, पुढे चालते ती म्हातारी मादी. तिच्या नाकाला एकदा नीट झटका बसला की अख्खा कळप वाट बदलतो. प्रौढ नर एकटा फिरतो, त्याला स्वतःलाच शिकावं लागतं, त्यामुळे सुरुवातीच्या तुटलेल्या तारा बहुतेक त्याच्या. म्हणून खालच्या तारेला ठिकठिकाणी चांदीचा कागद दुमडून त्याला गुळाचं पाणी किंवा पिकलेलं केळं चोळावं, नाक-जीभ तिथेच लागते. मका दुधात यायच्या पंधरा दिवस आधी कुंपण चालू हवं. गोडी लागल्यावर शिकवणं कठीण. आणि एकही रात्र तार मेलेली राहू देऊ नये, कारण मेलेली तार कळपाला लगेच कळते. भोंग्याच्या आवाजाला डुक्कर चार-पाच दिवसांत सरावतं, त्यामुळे सायरनवाल्या मॉडेलचे जास्तीचे पैसे पिकासाठी देऊ नका. प्लेट-बॅटरी चोरीला जात असेल तर गोष्ट वेगळी.

या वस्तूचा एक दोष कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. खालची तार चुकीचे जीव मारते. सेकंदाच्या अंतरामुळे डुक्कर सुटतं, कारण ते पळतं. न पळणारे जीव सुटत नाहीत. कासवाला झटका बसला की ते मान आत ओढून तारेखालीच बसतं, आणि प्रत्येक ठोक्याला आणखी आत. खवले मांजर घाबरलं की अंगाची गुंडाळी करतं. बिबट्याच्या दाताविरुद्ध हा उपाय लाखो वर्षं चालला, पण गुंडाळीत तार सापडली की पुढचा ठोका तिला आणखी घट्ट करतो. दक्षिण आफ्रिकेत शिकारीसाठी राखलेल्या खासगी रानांच्या कुंपणांवर खवले मांजरं आणि कासवं अशीच मरतात, तिथल्या अभ्यासकांनी ते नोंदवलं आहे. सातपुड्यात खवले मांजर आहे आणि घोरपड तर बांधाबांधावर आहे.

यावर उपाय आहे आणि त्याने पिकाचं नुकसान होत नाही. खालची तार १५ सेंटीमीटरवर बांधायचा आग्रह सोडा, २५ वरच ठेवा. डुकराचं नाक तिथेही लागतं, कासव आणि घोरपड खालून निघून जातात. खालच्या दोन तारांना वेगळा स्विच द्या. डुक्कर रात्री येतं, म्हणून त्या रात्रीच चालू. घोरपड उन्हात फिरते, तिला दिवसा वाट मोकळी. वरच्या तारा नीलगायीसाठी दिवसाही चालू ठेवा, ती पहाटे-संध्याकाळी चरते. अंधार पडला की आपोआप चालू होणारं मशीन म्हणूनच अपुरं पडतं, ते सगळ्या तारा एकदमच चालू-बंद करतं. खवले मांजर रात्रीचंच असल्याने त्याला या स्विचचा उपयोग नाही. जंगलाला लागून असलेल्या शेतात उजाडायच्या आधी एक फेरी हवीच. गुंडाळी दिसली तर आधी मशीन बंद, मग हात न लावता वनरक्षकाला कळवणं. ते जिवंत असेल तर थोड्या वेळाने स्वतःच उलगडतं.

पावसाळ्यात काम वाढतं. खालच्या तारेला गवत टेकलं की प्रत्येक पात्यातून थोडी वीज जमिनीत जाते, आणि भाद्रपदात हजार पाती टेकलेली असतात. तारेखालचा दोन-तीन फुटांचा पट्टा दर आठ-दहा दिवसांनी साफ करणं जमणार नसेल, तर पाच तारांऐवजी वरच्या तीनच चालू ठेवा, मेलेल्या पाच तारांपेक्षा त्या बऱ्या. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की मशीनची कुंपणाची वायर आणि अर्थिंग दोन्ही सोडवून ठेवा. वीज तारेवर पडली तर ती मशीन शोधत येते आणि ते वॉरंटीत बसत नाही. वरून हायटेन्शन लाईन जात असेल तर कुंपण तिच्या समांतर नेऊ नका, ओलांडायचंच झालं तर काटकोनात ओलांडा. रस्त्याच्या आणि पायवाटेच्या बाजूला दर ५० मीटरला पिवळी पाटी हवी, मराठीत, आणि शेजारी पावरी-भिलोरी बोलणारे मजूर असतील तर विजेचं चित्र काढलेली.

कोणी घेऊ नये? दोन एकराच्या आत, भाड्याच्या रानात, एकाच हंगामासाठी, तेही गवत काढायला माणूस नसताना, घेऊ नये. शेजारचे चार-पाच बांध मिळून एकच कुंपण केलं तर मात्र हिशेब बदलतो. एक एकराचा चौकोन वेढायला २५४ मीटर लागतात, पाच एकराचा वेढायला ५७०, म्हणजे एकरी निम्म्याहून कमी. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आपलं गाव यादीत आहे का, ते मशीन विकत घेण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.